अकराव्या मिनिटाला

कचरागाडीचं गाणं सुरू व्हायच्या आत,
पहाटे पाचला, रामबागेतल्या स्वयंपाकघरात
मी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवते
आणि बरणीशी बोलू लागते:
आज फुप्फुसांचे आवाज.

एकोणीस मिनिटं. हे घरून ऐकून यायचं.
वर्गात मी शिकवणार नाही,
वर्गात फक्त विचारायचं.
तीस वर्षं फळ्याकडे तोंड करून बोलले,
आता बरणीकडे.
बरणी निदान जांभया देत नाही.

मुलं म्हणतात, मॅडम, तुम्ही दुप्पट वेगात बऱ्या वाटता.
सराफ्यात गराडू खाता खाता ऐकतात,
हॉस्टेलात अंघोळीच्या रांगेत.
साडेनऊ मिनिटांत आटपते
माझी अर्धी कारकीर्द.

सोमवारी म्हटलं, हं, शंका?
पंखे. कुणाचं तरी पेन पडलं.
पाटीदारने एक प्रश्न विचारला
ज्याचं उत्तर त्याला येत होतं.
मग शेवटून दुसऱ्या बाकावरून रमिला डामोर उठली,
झाबुआकडची, वर्षात पहिल्यांदा.
माझं इंग्रजी तिला धावतं झेपत नाही,
म्हणून ती मला अर्ध्या वेगात ऐकते,
थांबवून, मागे नेऊन, पुन्हा.

म्हणाली, अकराव्या मिनिटाला मागे कुणीतरी खोकतंय.
सतराव्यालाही. कोरडा आहे.
किती दिवसांपासून?

वर्ग हसला.
मीही हसायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं ते.
दिवाळीपासून?
की त्याआधी, घराला रंग दिला तेव्हापासून?
प्रत्येक रोग्याला मी पहिला विचारते तो प्रश्न
आणि मला येत नव्हता.

घरी श्रीरंग पेपरात डोकं घालून,
बशीत पोह्यांपेक्षा शेव जास्त.
शर्ट वर कर, म्हटलं.
आत्ता?
पंखा बंद केला. कुकर उतरवला.
पाठीच्या तळाशी, दोन्हीकडे,
श्वास भरत येताना अगदी शेवटी
कानाजवळ केस चिमटीत धरून चोळावेत तसा...
माझंच वाक्य. सातवं मिनिट.

काय गं? त्याने विचारलं.
पुन्हा घे, म्हटलं. सावकाश.

विभागातून निरोप आहे,
मागचा आवाज काढून व्हिडिओ नव्याने चढवा.
बघते म्हणून सांगितलंय.