उजेड कमी करून

फलज अल कबाइलच्या दवाखान्यात
जुलैतले सकाळचे साडेसहा.
ट्रेमध्ये छत्तीस डब्या,
सगळ्या एकाच वेल्डिंग कंपनीच्या.
आधी रंग लिहायचा असतो. मी लिहिते: गडद पिवळा,
गडद पिवळा, गडद पिवळा,
मग एक कोऱ्या चहासारखा.
फॉर्मवर कोऱ्या चहाला रकाना नाही.

पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज गरगरतं.
वरचं ओतून द्यायचं, तळाशी उरतो चिमूटभर गाळ.
तेवढ्यावर माझं पोट.

मिरजेला शिकताना पटवेकर बाई म्हणायच्या,
कास्ट बघायचे तर उजेड कमी कर गं,
लख्ख प्रकाशात नुसती काच दिसते.

तर एकतीस नंबर: ऑक्झलेटचे स्फटिक,
बंद पाकिटांसारखे, पाठीवर फुली.
चौतीस नंबर: तीच पाकिटं, जवळजवळ तेवढीच,
विशिष्ट गुरुत्वही तेच, एक हजार अठ्ठावीस,
आणि दोन्ही डब्या अर्ध्या.
एकाचीच लघवी, दोघांत वाटलेली,
खोलीवर रोटी वाटतात तशी.

बाहेर बाकावर तेजनारायण साहनी,
शेजारी लोकबहादूर घर्ती,
चपलेचे पट्टे पावलांत रुतलेले.

मी चौतीसपुढे लिहिलं: नमुना अपुरा, पुन्हा द्यावा.
खोटं नव्हतं ते.

या वेळी तो एकटाच गेला.
डबी कोमट. वर फेस,
मी तेरा स्लाइड बघून परत आले
तरी न बसलेला.
उजेड कमी केला.
दाणेदार कास्ट, एकामागून एक,
आतल्या नळ्यांनी आपापले साचे
काढून पाठवावेत तसे.

"पानी कितना पीते हो?"
"सुबह एक बोतल, सिस्टर. बाथरूम नीचे है."
मग बोटांवर मोजून म्हणाला, "ग्यारह सीढ़ी."
मला आधी वाटलं, अकरा पायऱ्या.
त्यानं हात वर केला, टाकीच्या उंचीएवढा.
अकरा शिड्या.

प्रोटीनपुढे तीन अधिक काढले,
पेन जरा हलकं धरून,
जसा काही त्यानं फरक पडतो.
उरलेलं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला.
पाणी गेलं, फेस जाळीवर थांबला.

साहनीचा कागद तयार होता. पास.
खिडकीतून दोनदा नाव पुकारलं.
तो समोरच बसला होता,
घर्तीची पिशवी मांडीवर घेऊन,
आणि उठत नव्हता.