दुसरं गेट

त्या बँडचा पहिला अल्बम बेळगावात आलाच नाही.
कॅम्पात मिंगेल परेराच्या दुकानात
एकदम दुसराच मिळाला, तीस रुपयांत, भरून घेतलेला.
कव्हरवर चार केसाळ अमेरिकन,
झेरॉक्समध्ये तोंडं काळी झालेली.
'पहिला?' विचारलं.
'पहिला कशाला? ह्येच ऐक की.'

गुरुसिद्धची खोली टिळकवाडीत,
दुसऱ्या रेल्वे गेटाला लागून.
गोव्याची मालगाडी आली
की ड्रमवाला बुडायचा,
आम्ही डबे मोजायचो,
छप्पन्न, सत्तावन्न, गार्डाचा डबा,
आणि तो वर यायचा
भलत्याच ठिकाणी.

शब्दांचा कागद परेरानं दिलाच नव्हता.
एकच वही. गुरुसिद्ध पुढून कानडीत लिहायचा,
मी मागून मराठीत.
तिसऱ्या गाण्यातल्या एका शब्दावरनं
आठवडाभर अबोला:
तो म्हणे 'रिव्हर',
मी म्हणे 'नेव्हर'.
त्याला ती नदी इतकी खरी वाटे
की हिंडलग्याला मार्कंडेयच्या काठावर नेऊन दाखवली मला,
फेब्रुवारीतली, गुडघाभर.

मग बंद झाला.
पाट्यांना डांबर फासलं, आमच्याही, त्यांच्याही.
गाड्या सुटणार का ते कळावं म्हणून
त्यानं धारवाड आकाशवाणी लावली
आणि घाईत लाल बटण दाबलं.
चौथ्या गाण्याच्या पोटात
अकरा सेकंद ती बाई राहिली:
'बस संचार स्थगित.'
तेवढं तर दोन्ही बाजूंनी सारखंच लिहिता आलं.

परवा मोबाईलवर मिळाला तो अल्बम,
धुतल्यासारखा स्वच्छ.
चौथं गाणं तिथं आलं, आणि नुसती गिटार.
माझंच तोंड बोललं,
बस संचार स्थगित.
शेजारच्या सीटवरचा माणूस दचकला,
'होय? कुठनं कुठपर्यंत?'

छापील शब्दही पाहिले.
नदी नव्हती. कधीच नाही, तेही नव्हतं.
गुरुसिद्धला हुबळीला कळवलं:
'फीव्हर' आहे तो.
बराच वेळ दोन निळ्या खुणा.
मग त्याचा निरोप,
'थंडी वाजत होती बघ तेव्हा.'

पहिला अल्बमही आहे आता, फुकट.
बोट तिथवर जातं.
गेट पडल्यावर
पलीकडं ओळखीचं कुणी उभं दिसावं
आणि मध्ये गाडी यावी,
तसं काहीतरी होतं.
मी डबे मोजत राहतो.