बावन्नावा

झडीचा तिसरा दिवस.
नागपूरच्या अकरा जणांनी सकाळीच कळवलं,
"लेण्या पुढच्या खेपेला बघू, भाऊ."
वेरूळच्या पायऱ्यांवर शेवाळ, घाटात दगड आलेले,
आणि माझं गाईडचं कार्ड निळ्या दोरीला
खुंटीवर, वाळत नसलेल्या बनियनशेजारी.

यशू आली. शाळेला सुट्टी.
"नुसतं बसून काय राहायलास बाबा?
मला दाखव की शहर."
"एवढ्या पावसात?"
"मग घरातलं दाखव."

कार्ड गळ्यात घातलं, घसा खाकरला
आणि तेच म्हणालो जे एकोणीस वर्षं म्हणतो
भडकल दरवाजासमोर, बसकडे पाठ करून :
नमस्कार मंडळी. हे शहर बावन्न दरवाजांचं.
कुणी मोजले ते विचारू नका.
काही उभे आहेत, काहींच्या पोटातून रिक्षा जातात,
काही पडले, पण पत्ता सांगताना लोक अजून
त्यांच्याच नावानं सांगतात.

मंडळी म्हणजे ती एकटी,
आणि बादलीत टपटपणारं छत.

यशूनं वहीत रेघा मारायला घेतल्या.
पुढचं दार, एक.
न्हाणीचं पत्र्याचं, खालून गंजून जाळी झालेलं :
ह्याचं नाव तिनं ठेवलं काळा दरवाजा.
कपाटाची दोन, त्यातलं एक कधीच नीट लागत नाही.
फ्रिज. फ्रिजच्या आत बर्फाचा कप्पा.
"हा वेगळा धरायचा?"
"धर. देवगिरीतही दारामागं दार आहेच."
मीटरची पेटी. बुद्धाच्या मूर्तीपुढची सरकती काच.
शिलाई मशीनचा खण, ज्यात बॉबिन आणि माझी जुनी दाढ.
खिडक्यांवर वाद झाला.
मी म्हटलं, खिडकी म्हणजे दरवाजा नव्हे.
ती म्हणाली, मांजराला विचार.

मसाल्याचा डबा तिच्या आईनं मोजू दिला नाही.
"माझ्या डब्याचा किल्ला करू नका,"
म्हणाली, आणि भज्यांचं पीठ कालवता कालवता
वर न बघता सांगितलं :
"खुराड्याला दोन आहेत. एक मागून."
भिजत जाऊन दोन्ही बघून आलो.
कोंबड्या आमच्याकडे
तिकीट न काढलेल्या माणसांकडे बघावं तशा बघत होत्या.

दुपारी लाईट गेली. पन्नास.
टॉर्चच्या मागचं सेलचं झाकण, एकावन्न.
मग काहीच सापडेना.
यशू पेन्सिल चावत बसली.
मी म्हटलं, चालतं गं, शहरात तरी कुठं पुरे आहेत.

ती उठली, कॅलेंडरपाशी गेली.
कॅलेंडर बाजूला केलं.
गिलाव्याचा रंग तिथं जरा वेगळा आहे,
चौकटीएवढा.
वाटणी झाली त्या उन्हाळ्यात
दोनशे विटा मीच आणल्या होत्या, दादानं सिमेंट.
गवंडी विचारत होता, वर कमान ठेवू का, शोभेला.
कुणीच बोललं नाही.
ती तेव्हा पोटात होती. तिला कुणी सांगितलं?

"बाबा, बुजवलेले मोजतात का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार असतं ह्याचं,
पर्यटक रोज विचारतात.
आज मी कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो.

तिनं बोटाच्या पेरानं वाजवलं. तीनदा.
पाऊस. बादली. कढईतलं तेल.
मग पलीकडून, अगदी खालून,
पंकूच्या उंचीवरून,
तीनदा.
आणि त्यामागं दादाचा खोकला,
बिडीचा, ओळखीचा.
खोकला थांबला. भिंतीजवळच थांबला.

यशूनं बावन्न लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं, आणि पुढं कंसात,
आम्ही सहलीत वाचतो त्या पाटीवरच्या अक्षरात :
बंद. दुरुस्तीचे काम चालू आहे.

आईनं भजी दोन ताटांत काढली होती.
आम्ही तिघंच होतो.
दुसरं ताट झाकून तिनं ओट्यावर ठेवलं,
आणि छत्री कुठं आहे, एवढंच विचारलं.