कट

राजारामपुरीत, अकराव्या गल्लीच्या तोंडाला
छबूआक्का नेजदारांची खानावळ.
चार वर्षं मी तिथं जेवले
आणि दिवसभर विद्यापीठाच्या माळावर
चरबीचे फुगे बनवत राहिले:
नव्वद नॅनोमीटर, केसाचा हजारावा वाटा,
आत औषध कोंडलेलं.

"काय करतीस गं तिथं?" आक्का विचारायची.
मी वाटीतल्या तांबड्या रश्श्याकडं बोट केलं.
मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, आक्का.
तेलात उतरतो, तेल त्याला घेऊन वर येतं.
"म्हंजे कट," ती म्हणाली.
"कट काढायला पीएचडी लागती व्हय!"

मग तिच्या पोटात पाणी झालं.
अंडाशय, म्हणाले डॉक्टर.
केस गेले, परत आले
पांढरे, कुरळे, कुणा दुसरीचेच.
सहा महिन्यांनी गाठीही परत आल्या.

आता स्टँडला लटकलेली पिशवी तांबडी आहे.
परमुलखात गावचं माणूस दिसावं
तशी मी तिच्याकडं बघते.
"हे तुझंच का?"
माझं नाही आक्का, याच भावकीतलं.
माझं अजून उंदरांपर्यंतच पोचलंय.

गाठ घाईत असते, मी सांगते.
रक्त ओढायला नळ्या टाकते भराभर,
रात्रीत पाइपलाइन उरकणाऱ्या ठेकेदारासारखी,
सांधे उघडेच.
त्या फटींतून फुगे आत पाझरतात.
वरून पाणी धरणारा निसरडा लेप,
रक्तातल्या राखणदारांच्या चिमटीत येऊ नयेत म्हणून.
भिंतीत थोडं कोलेस्टेरॉल.
"माझं तेल बंद केलंय," आक्का हसते,
"आणि हितनं नळीनं सोडत्यात."

मग एकदम,
"शंभर सोडलं तर गाठीत किती जात्यात?"

सेमिनारमध्ये इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं.
मी नळीतले थेंब मोजते.
एक, आक्का. कधी तोही नाही.
बाकीचे यकृतात, प्लीहेत, कुठंकुठं.

आक्का गप्प.
सकाळ-संध्याकाळ मिळून ऐंशी डबे,
बावीस वर्षांत चुकले दोन,
त्या दोन्ही पोरांची नावं तिला अजून पाठ.
"शंभरातला एक पोचवून
तुमास्नी डिग्री देत्यात?"

तिसऱ्या पिशवीनंतर तिचे तळहात लाल झाले,
मग सोलले.
चुकलेले डबे तिथं उतरले होते,
जिथं ऊब, जिथं घासणं,
जिथं रोज दोनशे भाकऱ्यांची थाप.
तक्त्यातली ही ओळ मला माहीत होती,
शेजारच्या टक्केवारीसकट.
मी तिला आधी सांगितलं नव्हतं.

स्कॅन आला. गाठ बारा मिलिमीटरनं आक्रसली.
"बारा म्हंजे केवढं?"
मी करंगळीचं नख पुढं केलं.
तिनं ते बराच वेळ बघितलं,
लग्नाच्या मुलीचा फोटो बघावा तसं.
"पोचला म्हण की एखादा डबा."

आज तवा तापलाय आणि तिला मनाई आहे.
ती स्टुलावर, हात ओल्या फडक्यात.
परात माझ्यापुढं.
"पाणी बेतानं. जोर नको लावू.
बोटांनी फिरीव, हां,
आणि पीठ काय बोलतंय ते ऐक की,
सारखी मोजतीस काय?"

पहिली काठाला फाटली.
दुसरी करपली.
तिसरी फुगली, एकाच बाजूनं.

"वाढ त्या दाराजवळच्या पोराला,"
आक्का हळूच म्हणाली.
"भुकेला हाय. बघायचा न्हाई."