बेचाळीस इंच

मागचं झाकण उघडलं आणि आधी शिंकलो.
सात शिंका, मोजून.
मिरचीच्या मोसमात दोंडाईच्यात कुठलाही सेट उघडा,
पंख्याच्या पात्यांवर लाल साय धरलेली असते.
नवलसिंगबापू गल्ल्यावरून हसले,
"तिखट शे ना आमना टीव्ही?"

उचलायला चौघं लागले होते.
प्लाझ्मा म्हणजे काच, नुसती काच.
डेपोच्या भंगारातून लिलावात घेतलेला,
तोही रिमोटशिवाय.
तक्रारी बापूंनी पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलेल्या :
चालू करताना टकटक करतो, मग विचार करतो.
उजवीकडे उभी हिरवी रेघ.
काळ्या जागी लाल मुंग्या.

टकटक सोपी होती.
सप्लायवरचे दोन कपॅसिटर पुरीसारखे टम्म,
काढले, नवे बसवले, चाळीस रुपये.
रेघेचं म्हणाल तर फीत सैल झालेली,
खोडरबरानं टोक घासलं, परत खोचली, गेली.
मुंग्यांसाठी मात्र स्क्रू केसभर फिरवायचा असतो,
मीटरकडे बघत, श्वास धरून.
तिथं एकशे नव्वद व्होल्ट असतात
आणि नेमके तेव्हाच बापू मागून चहा पुढे करतात.

चित्र आलं. स्वच्छ.
मालिकेतली सून रडत होती
आणि तिच्या गालावर, फिकट,
सारंगखेडा ०५.४०.
कपाळावर शहादा.
गळ्यापाशी नंदुरबार, विनाथांबा.

"हाई काय शे?"

हे जळणं, बापू.
सात वर्षं स्टँडवर एकच पाटी दाखवली यानं,
कुणी बंदच केला नाही.
जी अक्षरं सगळ्यात जास्त उजळली
तीच आता मंद पडलीत.
याला पार्ट नाही.

एक उपाय असतो, खात्रीचा नाही.
पडदा रात्रभर कोरा पांढरा ठेवायचा,
म्हणजे उरलेली काचही तेवढीच थकते.
शटर अर्धं ओढून मी तिथंच बाकावर आडवा झालो.
पुसायला लावलेल्या पांढऱ्यावर
अख्खं वेळापत्रक आणखीच ठळक उमटलं,
फलाट तीन, मुक्कामगाडी, रविवार सोडून.
झोप कसली लागतेय.
सारंगखेड्याची ती फेरी बंद होऊन
चार वर्षं झाली असतील.

पहाटे शटरखालून एक बाई वाकली,
काखेत गाठोडं, पदराला मिरचीचा वास.
उजेडाकडे बघत राहिली.
वाचता येत असावं, ओठ हलले.
"सारंगखेडानी गाडी गयी का भो?"

घड्याळात पाच पस्तीस.
अजून नाही, म्हणालो,
आणि चौकात जाऊन
काळी-पिवळीत पाय मुडपून झोपलेल्या
सुपडूला हलवून उठवलं.
म्हटलं, आजच्या दिवस
पाच चाळीसला काढ.