पूल वर होता

आमच्या गल्लीत उशिराला कारण एकच :
पूल वर होता.
शाळेत, चर्चमध्ये,
झ्बिशेकच्या सासरीसुद्धा ते खपून जाई.

पुलावरच्या खोपटात लुडविकाबाई बसत.
नवरा युद्धात गेला, तेव्हा त्याची खुर्ची त्यांना मिळाली,
पगार मात्र पाऊणच.
मिशिगन सरोवराकडून कोळशाची बोट आली, तीनदा भोंगा झाला,
की त्या टाके मोजून विणकाम बाजूला ठेवत
आणि रस्ता उभा राहायचा
आभाळाला टेकून,
ट्रामच्या रुळांसकट.

चामड्याच्या कारखान्यातल्या संपात
त्यांनी पूल वर केला
आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकून घरी गेल्या.
मालकांच्या गाड्या पलीकडे, आम्ही अलीकडे.
चार दिवस.
बेकरीही पलीकडेच होती,
हे कुणी सांगत नाही.

आता बोटी नाहीत.
दोन्ही पाती वेल्डिंग करून कायमची जोडलीत,
खोपटात कबुतरं.

तरी परवा भर दुपारी
मोकळ्या पुलाच्या तोंडाशी माझे पाय थांबले.
मागून सायकलवाला पोरगा म्हणाला,
"आजोबा, निघा की!"

काय सांगणार त्याला.