पुढच्या डाव्या चाकाचं सील

तिसऱ्यांदा आली जिप्सी,
डाव्या चाकाच्या आतून काळं ओघळत.
सासनेबाईंची. जनावरांच्या डॉक्टर.
गगनबावड्याच्या अलीकडं डांबर संपतं,
तिथून वर धनगरवाड्यांवर त्यांचा दवाखाना जातो
याच चार चाकांवर.
मागच्या सीटवर लशींचा डबा, दोरखंड, गमबूट.
बाई काही बोलल्या नाहीत.
किल्ली फक्त हातात न देता
बाकड्यावर ठेवली.

उद्यमनगरात नऊ वाजले की
गाळ्यागाळ्यातून लोखंड बोलायला लागतं.
मी पुठ्ठा अंथरून गाडीखाली.
चाक, ब्रेक, हब,
मग नकलचा गोळा उघडला
आणि आतलं घट्ट ग्रीस
फुटलेल्या कढीसारखं हातावर आलं.
गिअर ऑइलचा वास असा, की
साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही.
रात्री भाकरी मोडताना
ताटात तो आधी बसलेला असतो.

शाफ्ट ओढून उजेडात धरला.
सीलचा ओठ जिथं टेकतो
तिथं एक रेघ. डोळ्याला दिसेना,
नखाला अडली.
रबरानं पोलाद खाल्लं होतं,
नुसतं टेकून टेकून,
चिमूटभर धूळ तोंडात धरून.

हिदायतचाचा आता पाना धरत नाहीत.
जुन्या टायरवर बसून सुपारी कातरतात.
"शाफ्ट बदल," म्हणाले.
कुठला शाफ्ट, चाचा, गाडीच निघायची बंद झाली.
अडकित्ता थांबला.
"मग ओठाला दुसरी जागा दे."

दोन मिलिमीटर अलीकडं.
त्यासाठी शेजारच्या भूपाल मगदूमनं
लेथवर नायलॉनचा ठोकळा कातून दिला,
पैसे नको म्हणाला, चहा दोनदा प्याला.
सील बसवलं. हलक्या हातानं, चौफेर,
तिरकं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून.
ओठाला आधी ऑइल पाजलं.
कोरडा ओठ पहिल्या फेऱ्यातच फाटतो.
मग शाफ्ट आत सरकवताना श्वास धरला,
त्याचे दात ओठाला लागू नयेत म्हणून.
मागची दोन सीलं इथंच गेली असणार,
माझ्याच हातानं,
असं मला तोवर वाटत होतं.

सगळं आवळलं. हात पुसता पुसता
वर नजर गेली.
अॅक्सलच्या पाठीवर बोटाएवढी टोपी असते, ब्रीदर.
तिला कोण विचारतो?
तिच्या तोंडात कुंभारमाशीनं घर बांधलेलं,
लाल मातीचं, गुळगुळीत, पक्कं.
म्हणजे चढावर ऑइल तापायचं,
आतली हवा फुगायची,
वर वाट नाही म्हटल्यावर
जिथं मऊ सापडेल तिथं रेटायची.

तारेनं कोरलं. आतून निघाली
एक वाळकी हिरवी अळी, पिल्लांसाठी ठेवलेली.
ती का कुणास ठाऊक
मी फडक्यात न पुसता कट्ट्यावर ठेवली.
नळीला तोंड लावून फुंकर मारली,
गेली.
चाचांनी नुसतं "हं" केलं.
दोन वर्षं ते इथंच बसून होते
आणि मीही इथंच.

रात्री चाकाखाली कोरा पुठ्ठा सारला.
सकाळी कोरडाच.
खिशातलं पेन काढून त्याच्यावरच
मागच्या दोन वेळची मजुरी लिहिली,
सीलाची किंमत वेगळी,
मग ती खोडून एकत्र केली,
मग बराच वेळ बेरीज करत बसलो,
जी दोनच आकड्यांची होती.

फोन लावला. लागला नाही.
वर रेंज नसते.
आज बाई एसटीनं गेल्या असतील,
मांडीवर लशींचा डबा घेऊन.